मार्चअखेरचा वर्ग

पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या मारुंजी गावाची शीव हिंजवडीला लागून आहे. हिंजवडीत आयटी पार्क झालं तिथे आधी साखर कारखाना व्हायचा होता, ही हकिगत शरद पवार यांनी जाहीर कार्यक्रमांत सांगितली आहे. कारखान्याला दुसरी जागा मिळाली आणि संत तुकाराम सहकारी साखर कारखाना कासारसाई-दारुंब्रेला उभा राहिला. उसाच्या वाटेवरचा हा पट्टा एका पिढीत संगणकाच्या वाटेला लागला. जमिनींना भाव आले, मारुंजीत सोसायट्या उभ्या राहिल्या, भाड्याच्या खोल्या आणि मेस निघाल्या. पण बारावीवर थांबलेल्या मुलाला समोरच्या इमारतींत आत जायचं, तर गेटवरचा गणवेश, कँटीन, हाउसकीपिंग किंवा कॅबचं स्टिअरिंग एवढ्याच वाटा सहसा दिसतात. यातलं कुठलंही काम हलकं नाही. मात्र अठराव्या वर्षी तिथे लागलेला मुलगा तिसाव्या वर्षीही त्याच जागी राहील की काय, ही चिंता आईवडिलांना खाते.

म्हणून कंपनीची माणसं कॉलेजात आली की घरोघरी आशा जागी होते. त्यांच्या येण्यामागे कायदा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी पायरी ओलांडली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चावे लागतात. शिक्षण आणि रोजगाराला पूरक कौशल्यं ही कामं कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत. कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात म्हटलं आहे. त्याची सक्ती नाही, पण मारुंजीसारख्या गावाने बोलणी करताना या वाक्यावर बोट ठेवायला काहीच हरकत नाही.

या भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ‘करिअर रेडीनेस’चा असा एक वर्ग झाला. त्यातले इंग्रजी संभाषणाचे तास मी घेत होते. पैसा एका मोठ्या कंपनीचा, शिकवण्याचं काम तिने नेमलेल्या संस्थेचं, खोली कॉलेजची. सामंजस्य करारावर सह्या झाल्या दिवाळीनंतर, आणि पहिला तास भरला तेव्हा जानेवारी अर्धा संपला होता. फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिकं, लगेच लेखी परीक्षा. सकाळी सराव परीक्षा दिलेली मुलं दुपारी बायोडेटा कसा लिहावा हे शिकायला बसत. काही बसत, काही निघून जात. घरच्या मेसमध्ये चपात्या लाटायला जाणाऱ्या मुली तर दुपारच्या तासाला कधी येऊच शकल्या नाहीत. ज्यांना या वर्गाची सगळ्यांत जास्त गरज होती त्याच हजेरीपटावर सगळ्यांत कमी होत्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात समारोप झाला. बॅनर लागलं, टी-शर्ट वाटले, प्रमाणपत्रं दिली, फोटो निघाले. संस्थेला 31 मार्चच्या आत खर्चाचा हिशेब आणि लाभार्थ्यांची यादी कंपनीला द्यायची होती.

एप्रिलमध्ये त्यांतली मारुंजीची एक मुलगी ते प्रमाणपत्र घेऊन हिंजवडीत मुलाखतीला गेली. समोरच्याने विचारलं, हे कुणी दिलं, यावर नोंदणी क्रमांक कुठे आहे? तिला सांगता आलं नाही. तिने संस्थेला फोन केला तर तो नंबर बंद होता. कंपनीत ज्या बाईंशी कॉलेजचं बोलणं व्हायचं, त्यांची बदली झाली होती. पुढच्या वर्षी कंपनीने दुसऱ्याच तालुक्यात दुसरा प्रकल्प घेतला. यात कुणी कुणाला लुबाडलं नव्हतं. शिकवायला आलेले तरुण जीव ओतून शिकवत होते, हे मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. तरीही त्या मुलीच्या हातात उपयोगाचं काही उरलं नाही, आणि याचं कारण समजून घेतल्याशिवाय कुठल्याही कॉलेजने पुढचा करार करू नये.

कारण दोघांच्या वर्षांमधल्या फरकात आहे. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. मुलांचं वर्ष जूनला सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेकडे धावत जातं. कंपनीची मंजुरी, संस्थेची निवड, करार, पहिला हप्ता हे सगळं उरकेपर्यंत हिवाळा येतो. पैसे खर्च होण्याची घाई आणि मुलांची परीक्षेची घाई एकाच महिन्यात एकमेकांवर आदळतात. हे एकाच कॉलेजात घडलं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. पण मार्चअखेरचे असे वर्ग इतर ठिकाणच्या शिक्षकांच्या बोलण्यातही वारंवार येतात.

यावर उपाय कायद्यातच आहे आणि तो फार कमी मुख्याध्यापकांना माहीत असतो. 22 जानेवारी 2021 पासून सीएसआरचे नियम बदलले. कंपनीच्या संचालक मंडळाने एखादा प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केला, तर तो सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालू शकतो. अशा प्रकल्पाचे मार्चला उरलेले पैसे 30 दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवायचे आणि पुढच्या तीन वर्षांत वापरायचे, अशी तरतूद आहे. प्रकल्प एका वर्षाचाच असेल तर मात्र न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांत अनुसूचीतल्या सरकारी निधीत भरावी लागते. मार्चमधल्या धावपळीचं मूळ इथे आहे. तेव्हा कंपनीशी पहिल्या भेटीत बाकी काही विचारलं नाही तरी चालेल. हा प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर होणार का, एवढं नक्की विचारावं. उत्तर ‘हो’ असेल तर अकरावीच्या जूनमध्ये वर्ग सुरू होतो, बारावीच्या दिवाळीपर्यंत निवांत चालतो आणि निकालानंतर मुलांना कामापर्यंत पोहोचवायलाही पैसा शिल्लक राहतो.

मुदत लांब असली की काय होतं, हे पुणे जिल्ह्यानेच दाखवलं आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी रचलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावी अशी तीन वर्षं, आठवड्यातला ठरलेला एक दिवस, शाळेच्या वेळापत्रकातच बसवलेला होता. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आरोग्य ही कामं मुलं हाताने करत आणि गावाची छोटी कामं करून देत. पुढे हाच नमुना लेंड-अ-हँड-इंडियासारख्या संस्थेने कंपन्यांच्या मदतीने आणखी शाळांत नेला. इथे कौशल्याचा तास परीक्षेशी भांडत नाही, कारण तो शाळेचाच तास आहे.

दुसरं उदाहरण सरकारी आयटीआयचं. केंद्र सरकारने 2007-08 मध्ये देशातली 1,396 सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीने सुधारण्याची योजना आणली. प्रत्येक आयटीआयला उद्योग प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली एक व्यवस्थापन समिती आणि अडीच कोटी रुपयांपर्यंतचं बिनव्याजी कर्ज. ते फेडायला 30 वर्षं, त्यातली पहिली 10 वर्षं हप्ता नाही. खेडच्या आयटीआयमध्ये भारत फोर्ज अशा भागीदारीतून उतरली. सगळ्याच समित्या जाग्या राहिल्या असं नाही, पण रचना पाहण्यासारखी आहे: कंपनीचा माणूस समारंभाला येऊन जात नाही, तो समितीच्या बैठकीला बसतो आणि कुठलं यंत्र घ्यायचं, कुठला ट्रेड वाढवायचा यावर सही करतो. जर्मनीत तर व्यवसाय शिक्षण दोन ते साडेतीन वर्षांचं असतं, आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत. करार कंपनी आणि विद्यार्थी यांच्यात होतो आणि तो उद्योग मंडळाच्या दप्तरी नोंदवला जातो.

पुण्यात लीला पूनावाला फाउंडेशन 1995 पासून मुलींना शिष्यवृत्त्या देतं. त्यामागे कंपन्यांचाही पैसा आहे. तिथलं शिकण्यासारखं हे की मुलगी एकदा निवडली की संस्था शिक्षणाच्या पुढच्या वर्षांतही तिच्या सोबत असते. मारुंजीच्या त्या मुलीला जूनमध्ये फोन उचलणारं कुणी असतं, तर बी.कॉम.च्या जोडीला काय करावं हे तिला तरी कळलं असतं.

आता शिकवायचं काय, याबद्दल. बायोडेटा, मॉक इंटरव्ह्यू, टाय कशी बांधावी हे दोन आठवड्यांत शिकवून होतं. हिंजवडीतल्या कार्यालयांना पदवी नसलेल्या तरुणांकडून खरी गरज कशाची असते, हे पाहायला इमारतीचं तळघर बघावं. वातानुकूलनाची यंत्रणा, विजेचे पॅनेल, जनरेटर, लिफ्ट, पंप, आग विझवण्याची व्यवस्था ही सगळी दिवसरात्र चालू ठेवावी लागते आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियन, वायरमन, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचे तंत्रज्ञ लागतात. ही माणसं बहुतेक वेळा देखभालीच्या कंत्राटदाराकडे कामाला असतात. म्हणूनच सीएसआरच्या टेबलावर कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर हा कंत्राटदार बसलेला हवा. तो नसेल तर मुलांना जे शिकवलं जातं त्याचा आणि ज्याला माणूस हवा आहे त्याचा कधी परिचयच होत नाही. औंधच्या सरकारी आयटीआयमधल्या ट्रेडची माहिती दहावीच्या पालकसभेत दिली, तर ती कुठल्याही प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडेल. हे मी अनेक पालकसभांना बसून झाल्यावर म्हणते आहे.

कंपनीला द्यायची खरी गोष्ट आहे ती गेटच्या आतली जागा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. आयटी कंपन्या यातून सुटलेल्या नाहीत. शिकाऊ उमेदवाराचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, त्याला विद्यावेतन मिळतं. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं, हे घरी आधीच सांगून ठेवावं, म्हणजे नंतर मुलावर राग निघत नाही. विनावेतन ‘इंटर्नशिप’ पुढे केली जात असेल तर तुलनेला एक सरकारी आकडा आहे: 2024 मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. नोंदणी शुल्क, गणवेशाचे पैसे, ‘परत मिळणारी’ अनामत असं काही मागितलं तर एक रुपयाही देऊ नये. नोकरीच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्यांचा सुळसुळाट आयटी पार्कच्या आसपास जास्तच असतो.

संस्था कोण आहे, हेही पाहावं. कंपनीचा सीएसआर निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी लागते, आणि कंपनीशी नातं नसलेल्या स्वतंत्र संस्थेकडे त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. नोंदणी क्रमांक मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही. मागच्या तुकडीतल्या मुलांशी बोलायचं आहे, असंही सांगावं. चांगली संस्था आनंदाने भेट घडवते. प्रमाणपत्रावर मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव आणि पडताळणीचा क्रमांक असेल का, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्यावं.

आणि मुलांचे मोबाइल नंबर, आधार, फोटो. लाभार्थ्यांच्या यादीसाठी ते सर्रास गोळा होतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं या वयातली आहेत. आधारची छायाप्रत कशासाठी हवी, कुठे राहणार, कधी नष्ट करणार, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. कॉलेजने त्यांच्या वतीने विचारलं तर फारच चांगलं.

कंपनीकडे जायची वेळही साधायला हवी. सीएसआर समिती वर्षाचा कृती आराखडा तयार करून संचालक मंडळापुढे ठेवते, म्हणून पत्र जानेवारीतच पोहोचलं पाहिजे. जुलैत दिलेलं पत्र पुन्हा मार्चअखेरच्या वर्गापाशी येऊन थांबतं. मंजूर प्रकल्प कंपनीला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात, तेव्हा पत्र लिहिण्याआधी ते वाचावेत: पुणे जिल्ह्यात ती कुठे काम करते, मुळशीचं नाव त्यात आहे का. पत्रात मुलांची संख्या, जून ते नोव्हेंबरचं वेळापत्रक, मेसमध्ये काम करणाऱ्या मुलींसाठी सकाळची तुकडी, तीन वर्षांची मुदत, दरवर्षी किती शिकाऊ उमेदवार आत घेणार याचा आकडा आणि तुकडी संपल्यावर वर्षभर फोन उचलणाऱ्या माणसाचं पद, एवढं असावं. त्या पत्रावर मुख्याध्यापकांबरोबर ग्रामपंचायतीचीही सही घ्यावी. कंपनीतला अधिकारी बदलला आणि कॉलेजचा शिक्षकही बदलला, तरी पाठपुरावा करायला गावात कुणाकडे तरी त्या कागदाची प्रत राहते.