खेळाच्या जागेचा जीर्णोद्धार

कोकणातील एखाद्या गावाचे देऊळ जुने झाले, त्याच्या वाशांना वाळवी लागली आणि कौलांतून पाणी ठिबकू लागले, म्हणजे सारा गाव त्याच्या जीर्णोद्धारासाठी सिद्ध होतो. कोणी वर्गणी देतो, कोणी लाकूड देतो, मुंबईचे चाकरमानी पैसे पाठवितात आणि ज्याच्यापाशी काहीच नसते तो अंगमेहनत करतो. देऊळ सर्वांचे आहे, ही भावना त्या कार्यामागे असते. शहरातील सार्वजनिक उद्यानात मुलांसाठी राखलेली खेळाची जागाही अशीच सर्वांची असते. तीदेखील कालांतराने जीर्ण होते. मात्र तिच्या जीर्णोद्धाराचा विचार तितक्या तत्परतेने होतोच असे नाही.

ज्यांच्या घराला ऐसपैस अंगण आहे आणि अंगणात आंब्याचे झाड आहे, त्या मुलांना झोपाळ्यासाठी उद्यानात जावे लागत नाही. परंतु चाळीतील एका खोलीत किंवा सदनिकेच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला उद्यानातील झोपाळा हाच आपला झोपाळा वाटतो. धावणे, चढणे, लोंबकळणे, तोल सावरणे यांवाचून शरीराची वाढ नीट होत नाही; आणि आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहण्याचा धडाही मूल घसरगुंडीच्या पायरीशीच शिकते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने खेळ हा मुलाचा हक्क मानला असून भारताने १९९२ साली ती संहिता स्वीकारली. त्याच वर्षी संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला जी १२ वी अनुसूची जोडली, तिच्यात उद्याने व क्रीडांगणे पुरविणे हे नगरपालिकांकडे सोपविण्याच्या कामांपैकी एक म्हणून नोंदले आहे. रत्नागिरीची नगरपालिका तर १८७६ पासूनची आहे. तेव्हा खेळाची जागा राखणे हे दयेचे नव्हे, कर्तव्याचे काम होय.

रत्नागिरीत हे कर्तव्य इतर शहरांहून अधिक कठीण आहे. थिबा राजवाड्याच्या परिसरातील उंचवट्यावरून पाहिले, म्हणजे खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे अथांग समुद्र दिसतो. हे दृश्य मनोहर खरे, पण त्याच समुद्रावरून येणारा वारा आपल्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण आणतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो. वर्षाकाठी तो तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू पुरेसा असतो. त्यात मीठ मिसळले की ही क्रिया कितीतरी शीघ्र होते. म्हणून देशावर पुष्कळ वर्षे टिकणारा लोखंडी खांब किनाऱ्यावर लवकर खचतो.

गंज नेहमी डोळ्यांना दिसेल अशाच ठिकाणी असतो असे नाही. खांब जेथे जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये शिरतो, तेथे पाणी साचून राहते आणि तेथेच तो आतून पोखरला जातो. झोपाळ्याच्या साखळीची कडी एकमेकींवर घासून बारीक होत जातात. लाकडी फळी पावसाने कुजते, तर उन्हात तापून प्लॅस्टिक ठिसूळ बनते. वरून रंग चकचकीत असला, तरी आतला खांब पोकळ झालेला असू शकतो.

खेळणी जुनी झाली म्हणजे पुष्कळदा दोहोंपैकी एक उपाय केला जातो. पहिला उपाय नवा रंग देण्याचा. रंगाने गंज झाकला जातो, पण बळ परत येत नाही. दुसरा उपाय मोडके खेळणे उचलून नेण्याचा. त्यामुळे अपघाताचे भय जाते, हे खरे. परंतु जेथे झोपाळा होता तेथे दोन उघडे खांब उरतात, पुढे तेही जातात आणि काही दिवसांनी त्या जागेत वाहने उभी राहू लागतात. मुलांची जागा कोणी हिरावून घेतली असे कोणालाच वाटत नाही, आणि तरीही ती गेलेली असते. मोठ्यांची एखादी सोय नाहीशी झाली तर ते तक्रार करतात. मुले मात्र दुसरीकडे, बहुधा रस्त्यावर, खेळावयास जातात.

म्हणून जीर्णोद्धाराचा आरंभ नीट पाहणीने व्हावा. प्रत्येक खेळण्याची नोंद करावी. खांबाच्या मुळाशी माती बाजूस सारून तो हातोडीने वाजवून पाहावा. कडी, खिळे, बोल्ट तपासावे. जे भक्कम आहे ते ठेवावे, ज्याचा एखादाच भाग झिजला आहे तो भाग बदलावा आणि ज्याचा आधारच गेला आहे ते खेळणे संपूर्ण काढून तेथे नवे उभारावे. नवे लोखंड घेताना त्यावर जस्ताचा जाड मुलामा असावा. जस्त हे लोखंडाआधी स्वतः झिजते आणि तोवर लोखंडाचे रक्षण करते. खांबाभोवतीच्या काँक्रीटला बाहेरच्या बाजूस उतार दिला, म्हणजे तेथे पाणी साचत नाही.

खेळण्याइतकेच महत्त्व त्याखालच्या जमिनीला आहे. २ मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीवर पोहोचते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर झालेला असतो. खाली फरशी असेल तर हा वेग क्षणार्धात, काही मिलिमीटरांत थांबतो आणि सारा आघात शरीरावर येतो. खाली मऊ वाळू असेल तर शरीर थोडे आत रुतून थांबते. थांबण्याचे अंतर दसपट वाढले की आघाताचा सरासरी जोर दहाव्या हिश्शावर येतो. मूल पडेल हे गृहीतच धरले पाहिजे. पडल्यावर त्याला गंभीर इजा होऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. युरोपातील नियमांनुसार एवढ्या उंचीखाली २० सेंटीमीटर वाळू हवी आणि ती पायांनी विखुरते म्हणून आणखी १० सेंटीमीटर घालावयाची असते. कोकणात याहूनही अधिक दक्षता हवी. पावसाने वाळू वाहून जाते किंवा दबून घट्ट होते. यास्तव तिच्याखाली पाण्याचा निचरा आणि भोवती कड हवी. समुद्राची खारी वाळू तर वापरूच नये, कारण ती खांबांना गंजविते.

आणखी काही गोष्टी लहान वाटल्या तरी विसरता कामा नयेत. कठड्याच्या गजांमधील फट सुमारे ९ ते २३ सेंटीमीटर असली, तर मुलाचे अंग तीतून जाते आणि डोके अडकते. पत्र्याची घसरगुंडी चैत्र-वैशाखात चटके देते. तिच्यावर करंज किंवा उंडीसारख्या झाडाची सावली असावी. नारळाच्या झाडाखाली मात्र झोपाळा कदापि बांधू नये! चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलालाही आत येता यावे म्हणून पायरीऐवजी उताराची वाट आणि पाठ टेकता येईल असा झोपाळा हवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. उद्यानाच्या दारात तो अडून राहू नये.

हे सारे ठरविताना ज्यांच्यासाठी ते करावयाचे त्यांना विचारावे की नाही? डेन्मार्कमधील उद्यानशिल्पी सोरेनसन यांच्या असे ध्यानात आले होते की, नीटनेटक्या क्रीडांगणापेक्षा मुले बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या-विटांत अधिक रमतात. त्यांच्या कल्पनेतून १९४३ साली कोपनहेगनजवळ एम्ड्रप येथे, मुले स्वतःच हवे ते रचतील असे मैदान तयार झाले. महाराष्ट्राच्याच उत्तर किनाऱ्यावर, बोर्डी येथे, १९४५ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातील बालकांसाठी कार्य केले. महागड्या साधनांसाठी त्या अडून राहिल्या नाहीत. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिक्षणाची साधने घडविली. मुलाकडे बारकाईने पाहावे आणि मग साधन निवडावे, हाच बोध दोन्ही ठिकाणांहून मिळतो. रत्नागिरीतही जांभ्या दगडाच्या ठेंगण्या पायऱ्या, वाळूचा हौद, चढावयास योग्य असे लाकडाचे ओंडके आणि लगोरी व आट्यापाट्या खेळण्यापुरते मोकळे मैदान एवढ्यानेही मुलांची जागा सजीव होईल.

नवी खेळणी उभी राहिली, फीत कापली गेली, म्हणजे काम संपले असे मानणे ही मोठी चूक ठरेल. किनाऱ्यावरील वारा दुसऱ्याच दिवसापासून आपले काम सुरू करतो. यासाठी प्रतिवर्षी पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासणी व्हावी, तिची नोंद ठेवावी आणि दुरुस्तीचा पैसा अंदाजपत्रकात वेगळा काढलेला असावा. नागरिकांनीही ढिला झालेला बोल्ट दिसताच संबंधितांस कळवावे. मोठ्या माणसांनी लहानांच्या झोपाळ्यावर न बसणे, हीदेखील एक सेवाच आहे.

देवळाचा जीर्णोद्धार करणारा गाव पुढच्या पिढीसाठी काही ठेवून जातो. खेळाच्या जागेचा जीर्णोद्धार करणाऱ्या शहराला तर ती पुढची पिढी डोळ्यांसमोरच हसताना, धावताना दिसते. संध्याकाळी झोपाळा उंच जावा आणि खाली उभ्या असलेल्या आईच्या मनात भय नसावे, एवढे ज्या शहराने साधले, त्या शहराचा कारभार चांगला आहे असे खुशाल समजावे.

स्वाध्याय

१. किनाऱ्यावरील शहरात लोखंडी खेळणी लवकर का खराब होतात?
२. जुन्या खेळण्यांच्या बाबतीत पुष्कळदा कोणते दोन उपाय केले जातात? ते अपुरे का आहेत?
३. ‘मूल पडेल हे गृहीतच धरले पाहिजे’, या विधानाचे स्पष्टीकरण करा.
४. आपल्या गावातील खेळाच्या जागेची पाहणी करून, तेथे काय ठेवावे, काय दुरुस्त करावे व काय बदलावे, याविषयी नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस पत्र लिहा.