बांधकामावरील अवजारांची राखण

गावात शाळेची खोली, पाण्याची टाकी किंवा समाजमंदिर उभे राहू लागले की मोठ्या मोलाचे सामान उघड्यावर येते. सिमेंट, सळई, सेंटरिंगच्या प्लेटा, व्हायब्रेटर, पंप आणि त्याची तांब्याची केबल ही सहज उचलून नेण्याजोगी व भंगारात तत्काळ खपणारी चीजवस्तू होय. तिची चोरी म्हणजे ठेकेदाराचे नुकसान, त्याच्याशी गावाचा काय संबंध, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज दूर होणे अगत्याचे आहे.

चोरीचा भार कोणावर?

गवंड्याची करणी, ओळंबा व पाणसळ ही बहुधा त्याची स्वतःची असतात. ती गेली की त्याचा रोज बुडतो. मिक्सरची मोटर गेली तर काम थांबते आणि मुलांना आणखी काही काळ व्हरांड्यात बसावे लागते. स्लॅबखालचा टेकू चोरीस गेला तर प्रश्न जिवाचाच होतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू साधारणपणे किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस हलवू नयेत, असा दंडक आहे. त्यापूर्वी टेकू नाहीसा झाल्यास कच्चा स्लॅब खचण्याचा धोका संभवतो. म्हणून स्लॅब ओतल्यानंतर रोज सकाळी टेकू मोजून मगच त्याखाली माणसे जाऊ द्यावीत.

आधी नोंद, मग कुलूप

राखणीचा आरंभ नोंदवहीपासून होतो. कोणती वस्तू केव्हा आली, कोणास दिली आणि परत केव्हा जमा झाली, एवढे चार रकाने पुरेसे आहेत. सकाळी अवजारे सहीने द्यावीत. सायंकाळी सुटी होण्यापूर्वी अर्धा तास राखून ती मोजून घ्यावीत. यंत्राचा कारखान्यातील क्रमांक वहीत उतरावा. फावडी, पहारी व प्लेटा यांवर ठळक रंगाची खूण करावी, तसेच ठोकून क्रमांक उमटवावा. रंग खरवडता येतो, ठोकलेला क्रमांक सहसा जात नाही.

सळईची मोजदाद वजनानेही करावी. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ ने भागले असता एक मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. त्यानुसार १२ मिलिमीटर व्यासाची १२ मीटर लांबीची सळई सुमारे १०.७ किलो भरते. हा हिशेब शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घेतला तर गणिताचा उपयोगही त्यांस कळेल.

सिमेंट लागेल तसेच आणावे. तीन महिन्यांहून अधिक काळ साठविलेले सिमेंट तपासल्यावाचून वापरता येत नाही. त्यामुळे मोठा साठा दोन्ही अंगांनी तोट्याचा ठरतो. कोठीस एकच दार असावे, किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि राखणदाराची खोपी वाहन येण्याच्या वाटेवर असावी. तेथे रात्री दिवा हवा.

संशय आणि पुरावा

नोंद नसली की संशय परगावच्या मजुरावर जातो. त्याची बाजू मांडणारे तेथे कोणी नसते. काही ठिकाणी त्याची मजुरी परस्पर कापली जाते. हे न्यायाचे नाही. वेतन संहिता, २०१९ नुसार कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीपोटी कपात करावयाची असली, तरी त्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी आधी द्यावी लागते आणि कपात नुकसानीच्या रकमेहून अधिक असता कामा नये. वस्तू कोणास दिली हे वहीत लिहिलेले असेल तर खरा दोषी सापडतो आणि निर्दोषाची अब्रूही राहते.

चोरी झाल्यास

जागा न तुडवता पोलीस ठाण्यास त्वरित कळवावे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदविता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ अन्वये शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेच्या चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही कलम ३१७ खाली शिक्षेस पात्र ठरतो. मात्र सापडलेला पंप आपलाच आहे हे सिद्ध करण्यास क्रमांक व खरेदीची पावती लागते. ती नसेल तर हाती आलेली वस्तूही परत मिळविणे कठीण होते.

ग्रामपंचायतीने कामाच्या आरंभीच ठेकेदार, मुकादम व राखणदार यांस एकत्र बोलावून जबाबदारी वाटून द्यावी, आठवड्यातून एकदा सदस्यांनी नोंदवही व साठा ताडून पाहावा आणि परिसरातील भंगार व्यावसायिकांस खुणांची माहिती द्यावी. यास फारसा खर्च येत नाही, केवळ नियमितपणा लागतो. गावाच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या वास्तूची राखण गावानेच आपली मानली, तर काम वेळेवर पुरे होईल आणि तेथे राबणाऱ्या हातांतील अवजार सुरक्षित राहील.