कुत्र्याची शेपटी लुळी का पडते?

शेतावर, गोठ्यावर आणि मेंढवाड्यावर राखण करणारा कुत्रा शेतकऱ्याच्या फार उपयोगी पडतो. काल सायंकाळपर्यंत शेपटी वर वळवून फिरणारा हा कुत्रा सकाळी शेपटी लोंबकळत उभा दिसला, की घरात घबराट होते. कोणी काठी लागली म्हणतो, तर कोणी कुत्रा पिसाळला म्हणून त्याला हाकलून देतो. अशा वेळी केवळ शेपटी न पाहता सबंध कुत्र्याचे निरीक्षण करावे.

स्नायूंवरील ताण

कुत्र्याच्या शेपटीत साधारणपणे २० लहान मणके असतात. त्यांच्या भोवतालचे स्नायू शेपटी उचलतात व हलवितात. बरेच दिवस बांधून ठेवलेला कुत्रा एकाएकी खूप पळाला, थंड पाण्यात पोहला, थंडीत भिजला किंवा अडचणीच्या जागेत फार वेळ कोंडला गेला, तर शेपटीच्या बुडाशी असलेल्या या स्नायूंना इजा होते. शेपटी बुडापासून लोंबते किंवा दोन-तीन इंच आडवी राहून पुढे खाली पडते. बुडाशी हात लावल्यास कुत्रा कण्हतो, बसण्यास टाळाटाळ करतो. मात्र तो सावध असतो, चालतो व बहुधा खातोही. स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली लॅब्रॅडॉर कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत पोहणाऱ्या व कामाच्या कुत्र्यांत हा त्रास अधिक आढळला.

उपाय

कुत्र्यास कोरड्या, उबदार जागी पूर्ण विश्रांती द्यावी. शेपटी ओढू अगर चोळू नये. बहुतेक कुत्रे काही दिवसांत ते दोन आठवड्यांत बरे होतात. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच देऊ नयेत. त्या कुत्र्यास विषारी ठरू शकतात. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

पशुवैद्यकास केव्हा दाखवावे?

१) शेपटी दारात किंवा गाडीच्या चाकाखाली सापडली असल्यास, वाकडी दिसत असल्यास अगर जखम असल्यास. मणका मोडलेला असू शकतो.
२) लघवी किंवा विष्ठा नकळत होत असल्यास, अथवा मागचे पाय लटपटत असल्यास. शेपटीच्या व या अवयवांच्या नसा कमरेतूनच येतात. तेथील इजेत उशीर करू नये.
३) कुत्रा बूड जमिनीवर घासत असल्यास. गुदद्वाराजवळील ग्रंथी तुंबल्यानेही शेपटी खाली राहते.

पिसाळ रोगाची शंका

जबडा लोंबणे, लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, अंधारात दडणे, विनाकारण चावणे किंवा पाय लुळे पडत जाणे यांपैकी काही दिसल्यास पिसाळ रोगाची शंका घ्यावी. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा चवताळतोच असे नाही. काही नुसते मलूल होतात. हाडूक अडकले असेल या समजुतीने तोंडात हात घालू नये. मुलांना व जनावरांना दूर ठेवून पशुवैद्यकास कळवावे. कुत्रा चावल्यास किंवा त्याची लाळ जखमेस लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज नाही.

म्हणून पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास प्रतिबंधक लस टोचावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी टोचून घ्यावी. लस टोचल्याची तारीख लिहून ठेवावी.