संभाव्य व प्रत्यक्ष बाष्पपर्णोत्सर्जन

जमिनीवर पडलेल्या पावसाचा मोठा भाग वाफ होऊन पुन्हा हवेत जातो. माती व जलाशय यांच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आणि वनस्पतींच्या पानांवाटे होणारे पर्णोत्सर्जन यांना मिळून बाष्पपर्णोत्सर्जन असे म्हणतात. जलविज्ञानात त्याचे संभाव्य व प्रत्यक्ष असे दोन प्रकार मानतात. त्यांतील भेद ध्यानी न घेतल्यास कोरड्या प्रदेशातील पाण्याचा हिशेब फसतो.

जमीन हिरव्या पिकाने पूर्ण झाकलेली आहे आणि मुळांना पाण्याची कधीच वाण पडत नाही, अशी कल्पना केली तर जेवढे पाणी वाफ होऊन जाईल, ते संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जन होय. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ थॉर्नथ्वेट यांच्या १९४८ मधील लेखनाने ही संकल्पना रूढ झाली. ऊन, उष्णता, वारा आणि हवेचा कोरडेपणा यांवर ते ठरते. ती जणू हवेची मागणी असते. ती किती पुरी होईल, हे मात्र मातीतील ओलीवर अवलंबून असते. जेवढी पुरी होते, तेवढे प्रत्यक्ष बाष्पपर्णोत्सर्जन.

राजस्थानातील जैसलमेर येथे वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जन २,००० मिलिमीटरांच्या घरात आहे. याचा अर्थ तेथील जमिनीवरून दरवर्षी दोन मीटर पाणी उडून जाते, असा नव्हे. जे मुळात पडलेच नाही, ते उडणार कोठून? बाहेरून पाणी न आल्यास प्रत्यक्ष बाष्पपर्णोत्सर्जन सरासरीने पावसाच्या मर्यादेतच राहते. उघड्या तलावात मात्र पाणी हजर असेपर्यंत हवा आपली मागणी वसूल करीत राहते.

जैसलमेरच्या पालीवाल शेतकऱ्यांची शतकांपूर्वीची 'खडीन' पद्धती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी मातीच्या बांधाने सखल शेतात अडवितात, जमिनीत मुरू देतात आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू व हरभरा घेतात. मातीचा वरचा थर वाळला की तोच खालच्या ओलीचे आवरण बनतो. बाष्पीभवन मंदावते आणि उरलेले पाणी प्रामुख्याने मुळांवाटे, म्हणजे पिकाच्या उपयोगी पडून, हवेत जाते.

ओल अपुरी पडली की पानांवरील रंध्रे मिटू लागतात, प्रत्यक्ष बाष्पपर्णोत्सर्जन मागणीच्या मागे राहते आणि पिकाची वाढ खुंटते. म्हणूनच कालव्याने पिकाला किती पाणी द्यावे आणि केवळ पावसावर कोणते पीक घ्यावे, हे ठरविताना या दोन आकड्यांतील अंतर प्रथम पाहावे लागते.