नाकारलेला क्लेम हातात आल्यावर

चि. समीर आणि चि. सौ. केतकी यांस,


क्लेम नाकारल्याचं पत्र वाचलं. केतकी, तू विचारलंस, मूल न होणं हा आजार नाही का? आहे. जागतिक आरोग्य संघटनाही त्याला आजारच म्हणते. पण विमा चालतो तो करारावर. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने वगळलेल्या खर्चांची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी ठरवून दिली. त्यातला कोड १७ म्हणजे वंध्यत्व: आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी, सगळं त्यात आलं. हे कलम ठेवायची सक्ती नाही, तरी बहुतेक पॉलिसींत ते असतंच. गंमत बघा, २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याप्रमाणे स्त्रीबीज देणाऱ्या बाईचा बारा महिन्यांचा विमा जोडप्याने काढायचा, आणि त्या जोडप्याच्या स्वतःच्या उपचाराला मात्र बहुतेक पॉलिसींत जागा नाही! संताप येणारच. पण सगळा संताप एकाच पत्रावर काढू नका. आधी दोन खर्च वेगळे करा.

पहिला, केतकीच्या लॅप्रोस्कोपीचा. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात वर ‘प्रायमरी इन्फर्टिलिटी’ लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात चॉकलेट सिस्ट काढल्याची नोंद आहे. क्लेमच्या टेबलावरचा माणूस वरची ओळ वाचतो आणि कोड १७ चा शिक्का मारतो. तिथे इतकी वर्षं बसल्यामुळे सांगते. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस, आणि तो स्वतंत्र आजार आहे. मूल नको असलेल्या बाईलाही त्याची शस्त्रक्रिया लागते. त्याचा वेटिंग पिरियड पॉलिसीत तपासा. तो संपला असेल तर ही लढाई लढण्यासारखी आहे. ऑपरेशन नोट्स, बायोप्सीचा रिपोर्ट आणि पाळीच्या दुखण्यासाठी पूर्वी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या जमवा. डॉक्टरांकडून खुलाशाचं पत्र घ्या: काय सापडलं, ते का काढावं लागलं. जे खरं तेवढंच लिहून घ्या. वंध्यत्वाचा उल्लेख खोडून मागू नका; खाडाखोड दिसली की चांगला क्लेमही बुडतो.

हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

दुसरा खर्च आयव्हीएफचा. तो या पॉलिसीतून मिळणार नाही, त्यासाठी भांडण्यात शक्ती घालवू नका. समीर, तुझ्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत असा लाभ आहे का, हे एचआरला विचार. असलाच तर मर्यादा किती, तेही लेखी घे. अलीकडे काही पॉलिसींत मर्यादित रक्कम देतात, पण दोन-तीन वर्षं थांबल्यावर. रागाच्या भरात जुनी पॉलिसी मात्र सोडू नका. बदलायचीच तर पोर्ट करा, म्हणजे भरलेला वेटिंग पिरियड फुकट जात नाही.

खासगी दवाखान्यात एका सायकलला दीड-दोन लाख सहज लागतात, आणि पहिल्याच खेपेला यश येईल अशी खात्री प्रामाणिक डॉक्टर देत नाही. म्हणून सुरुवात करण्याआधीच किती पैसे आणि किती प्रयत्न, हे दोघं बसून ठरवा. नंतर कर्जाच्या हप्त्यांच्या ताणाखाली ठरवायला गेलात तर प्रत्येक ‘अजून एकदा’ला नाही म्हणणं जड जातं.

आता समीर, फक्त तुला. फाइलवर नाव केतकीचं, सुया तिला, आणि हळदीकुंकवात ‘काय गं, गोड बातमी कधी?’ हेही तिलाच. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असतं. तुझी सीमेन तपासणी अजून झालेली नाही असं कळलं. शस्त्रक्रियेच्या मानाने ती अगदी स्वस्त आणि सोपी. या आठवड्यात करून टाक. आईच्या अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं कामही तुझंच. वहिनी वाईट नाही, पण तिला स्पष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही.

केतकी, त्या पत्रातला नकार खर्चाला आहे, तुला नाही. कंपनीला द्यायचा अर्ज तू लिही. तुझं दुखणं तुझ्याइतकं नेमकं कुणाला मांडता येणार? कच्चा मसुदा आधी मला पाठव. कलमांची भाषा मी बघते.

तुमची,
आत्या