ऊन पाण्याच्या कुंडांचा धडा

१७३९ साली वसईचा किल्ला सर झाल्यावर, नवस फेडण्यासाठी चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. वसईहून सुमारे ३० किलोमीटरांवर, तानसा नदीच्या काठी, याच देवळाच्या परिसरात अकलोली व गणेशपुरी येथे ऊन पाण्याची कुंडे आहेत. ती पाहून आलेला विद्यार्थी वर्गात बहुधा एकच प्रश्न विचारतो : "सर, तेथे जमिनीखाली ज्वालामुखी धुमसत आहे काय?"

प्रश्न स्वाभाविक आहे. तुंगारेश्वराच्या डोंगराचा काळा पाषाण हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या तप्त रसाचाच होय. तथापि तो रस निवून युगे लोटली. त्याची ऊब आज उरलेली नाही. भारतात सध्या जागृत असा ज्वालामुखी एकच, तो अंदमानच्या समुद्रात बॅरन बेटावर.

मग पाणी तापते कशाने? पृथ्वीचे पोट मूळचेच उष्ण आहे. सामान्यतः दर किलोमीटर खोलीस २५ ते ३० अंश उष्णता वाढते. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते, तापते, आणि दुसऱ्या भेगेने वर येते. येथे एक सोपे गणित करावे. जमिनीवर २७ अंश व कुंडात सुमारे ५० अंश धरल्यास फरक २३ अंशांचा. म्हणजे पाणी निदान पाऊण किलोमीटर तरी खोल गेले असले पाहिजे. वर येताना ते काहीसे निवते, यास्तव खरी खोली याहून अधिकच. अशा झऱ्यांची माळ थेट राजापुरापर्यंत पसरली असून, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथील पाणी ७० अंशांच्या आसपास आहे.

ज्या देशांत ज्वालामुखी सजीव आहेत, तेथे भूगर्भातील वाफेवर वीज निघते. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ पासून असे केंद्र चालत आले आहे. विवरे खणून वर आणलेल्या वाफेने तेथील चक्रे फिरतात. परंतु वाफ व पाणी अतोनात उपसल्यामुळे जवळचे उसळते झरे आटले आणि जमीन कित्येक मीटर खचली. पुढे, वापरलेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडण्याची रीत तेथे स्वीकारावी लागली.

आपल्या कुंडांतील पाण्याची तशी वाफ होत नाही. म्हणून ती निरुपयोगी ठरतात काय? नाही. लवकर उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला अशा पाण्याची उष्णता देऊन, त्याच्या वाफेने यंत्र चालविता येते. मात्र पाणी जितके कमी ऊन, तितकी वीज थोडी व महाग. मासळी व धान्य सुकविण्यास तर मध्यम उष्णता पुरते. हिमाचलातील मणिकरण येथे ऊन पाण्याच्या बळावर शीतगृह चालविण्याचाही प्रयोग झालेला आहे. मासळी, केळी व फुले यांवर ज्यांचा संसार चालतो, त्या वसईकर पालकांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

विद्यार्थ्यांनो, पुढील खेपेस कुंडाकाठी जाल तेव्हा एवढे स्मरा : पायाखालचे धन किती आहे हे मोजल्यावाचून त्याची बढाई मारू नये, आणि झरा राखल्यावाचून त्यास हात लावू नये.