जुनी गिटार सजवून विकायची आहे? रंगाचा डबा जरा थांबून उघडा



व्हिडिओत माझ्या मागे भिंतीला टेकवलेली निळी गिटार तुम्ही पाहिली असेल. ती मी घरीच रंगवली आहे. दिसायला झकास आहे, पण विकली गेली नाही, म्हणून अजून माझ्याकडेच आहे.

झालं असं, की ओळखीतल्या एकाच्या माळ्यावर पडलेली अकौस्टिक गिटार मला ८०० रुपयांना मिळाली. म्हटलं, रंगवू आणि दुप्पट-तिप्पट किमतीला विकू. हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंट आणला, पुढच्या फळीवर तीन जाड हात मारले, तारा चढवल्या. आवाज आला पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा! अकौस्टिक गिटारचा आवाज त्या पुढच्या पातळ फळीच्या कंपनातून येतो. तिच्यावर रंगाचा जाड थर बसला की ती दबते. त्यात तारा फ्रेटपासून इतक्या उंच, की शिकणाऱ्या पोराची बोटं पहिल्याच दिवशी सोलून निघतील. जे गिऱ्हाईक आलं त्याने रंगाचं कौतुक केलं, दोन कॉर्ड वाजवले आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणाला. याचा अर्थ तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे विकत घेतानाची तपासणी. सुतार पट्टी एक डोळा मिटून बघतो ना, तसं गिटारच्या डोक्याकडून नेक बघा. पीळ पडलेला दिसला तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. मग जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबा. मधल्या फ्रेटवर साधारण व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर नेक पुढे वाकली आहे. आत ट्रस रॉड असेल तर अ‍ॅलन कीने एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. बऱ्याच स्वस्त जुन्या गिटारींत फिरवता येणारा रॉड नसतोच, हे घेण्याआधी बघून घ्या. ब्रिजच्या खाली कागदाचा तुकडा सरकतोय का तेही बघा. सरकला तर ब्रिज सुटायला लागला आहे, भाव कमी करा नाहीतर सोडून द्या.

आता तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावा. जाड्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर वाजवायला सोपं जातं. चार-साडेचार असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, काढून घासायची. काचेवर काचपेपर चिकटवा आणि पट्टीची खालची बाजू सरळ घासा. वरचा गोलवा तसाच ठेवा. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. थोडं घासा, लावून बघा, पुन्हा घासा. जास्त घासली की तारा फ्रेटवर खरखरतात आणि नवी सॅडल आणावी लागते. (मी दोन आणल्या.)

एवढं झालं की मगच रंग. पुढची फळी सोडून द्या. मागची बाजू, कडा आणि डोकं एवढंच रंगवा. स्वस्त गिटार प्लायची असते, त्यामुळे लाकडापर्यंत घासायच्या भानगडीत पडू नका. वरचा पापुद्रा फाटला की संपलं. ३२० नंबरच्या काचपेपरने जुनी चकाकी मोडली तरी पुरे. फ्रेटबोर्डला मास्किंग टेप, भोकात वर्तमानपत्राचे बोळे. रंगावर एनसी लॅकरचे पातळ हात द्या, आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघा, जुन्या पॉलिशवर सुरकुतते का ते कळेल. थिनर पेट घेतो, म्हणून गच्चीवर काम करा, स्वयंपाकघराजवळ नको. आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लॅकर मारूच नये. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरट ढग उतरतो.

अमेरिकेतल्या एडी व्हॅन हेलनची पट्ट्यापट्ट्यांची गिटार अशीच जुळवाजुळवीची होती. ५० डॉलरची दोष असलेली बॉडी, ८० डॉलरची नेक आणि पट्ट्यांसाठी मास्किंग टेप. लोक पट्टे लक्षात ठेवतात, पण त्याने दुसऱ्या जातीच्या गिटारचं पिकअप त्यात बसवलं होतं ते हव्या त्या आवाजासाठी.

आता वही काढा. निळ्या गिटारीनंतर मी आणखी दोन केल्या. एकीवर रंग नाही, फक्त सफाई, नव्या तारा, नट-सॅडल. गिटार आणि पेट्रोल धरून खर्च १३०० रुपये, विकली २३०० ला, वेळ ५ तास. म्हणजे तासाला २०० रुपये. दुसरीवर हे सगळं, शिवाय नव्या खुंट्या आणि रंगकाम. खर्च २२००, विकली ३३०० ला, वेळ १४ तास. शंभर रुपये जास्त सुटले, पण तासाला पडले ७८! त्याहून जास्त भाव मिळेना, कारण तीन-साडेतीन हजारांत गिऱ्हाईक नवी कोरी साधी गिटार घेऊ शकतं. ती छताची फळी आहे, तिच्यावर तुमचं डोकं आपटणारच.

काही जण यावर उपाय म्हणून डोक्यावर मोठ्या कंपनीचं स्टिकर लावतात. ती सरळ फसवणूक आहे, ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे. आपलं नाव लावा.

मग रंगकाम करायचंच नाही का? करायचं, पण गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गिटारवर. वडिलांची कॉलेजातली गिटार मुलीला द्यायची आहे, तिच्यावर तिचं नाव हवंय, असा माणूस नव्या गिटारचा भाव विचारत नाही. त्याला सरळ सांगा: रंगकामाचे ९ तास, तासाला २०० प्रमाणे १८०० रुपये, सामानाचे ५००, एकूण २३००. तारा आणि सेटिंग वेगळं. काही जण ऐकूनच जातील, जाऊ द्या.

जो थांबेल त्याची अर्धी रक्कम आधी घ्या. त्याच्यासमोर गिटारचे चारही बाजूंनी फोटो काढा, आधीचे ओरखडे आणि भेगा दिसतील असे. कुठला भाग, कुठला रंग, किती दिवस, हे पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. जून ते सप्टेंबरमधलं काम असेल तर ‘हवा कोरडी मिळाल्यावर’ हेही त्याच पावतीवर लिहा.